समुद्रावरची पंगत



ह्या वसंत व्याख्यानमालेत संतवाङ्मय झाले, शेतीचे अर्थशास्त्र झाले, काल मधुमेहावर फार उपयुक्त व्याख्यान झाले. आज चालकांनी आम्हांला विषय दिला आहे तो जहाजाच्या सहलीचा. तेथे जेवावे कसे, बंदरावर उतरून फिरावे कसे, आणि पदरच्या पैशाचे चीज कसे करावे, एवढे त्यांनी आमच्याकडून मागितले आहे. विषय ऐकून आमच्या एका सोबत्याने विचारले, "युनियनवाल्याला बोटीवरच्या मेजवानीतले काय कळते?" प्रश्न रास्त आहे. आमची शाळा सातवीला सुटली. पुढचे जे काही शिक्षण झाले ते कारखान्याच्या दरवाजावर, लेबर कोर्टाच्या बाकावर आणि सार्वजनिक वाचनालयात. परंतु मेजवानी खाणाऱ्याला तिच्यातले जेवढे कळते त्याहून वाढणाऱ्याला थोडे अधिक कळते, आणि वाढणाऱ्यांच्या जगाशी आमचा तीस वर्षांचा परिचय आहे. खाणारे म्हणूनही आम्ही एकदा जाऊन आलो, मुंबईहून गोव्याला, मुलीच्या हट्टापायी. म्हणजे दोन्ही अंगांनी बोलण्याचा थोडासा अधिकार पोचतो.

कोकणातल्या माणसाला 'बोट' हा शब्द उच्चारला की भाऊचा धक्का आठवतो, उलट्या आठवतात आणि १७ जुलै १९४७ ची 'रामदास' बोट आठवते. रेवसच्या वाटेवर, मुंबईपासून काही मैलांवर ती उलटली आणि सहाशेंहून अधिक माणसे गेली. आपल्याकडे मात्र आगगाडी लवकर आली, त्यामुळे डहाणूकर बोटीच्या प्रवासाला फारसा सरावला नाही. मोठ्या जहाजांशी आपला संबंध यायचा तो रुळांवरून. १९२८ साली सुरू झालेली फ्रंटियर मेल विलायतेहून आलेल्या साहेबांना बॅलार्ड पिअरवर उचलून दिल्ली-पेशावरकडे नेई, आणि ती जाई आपल्याच गावावरून. जहाजातून उतरलेला साहेब आपल्या फलाटाकडे बघत जात असेल. आपण त्याच्या डब्याकडे बघत असू.

आता ते दिवस पालटले. २०१८ साली 'आंग्रिया' नावाची बोट मुंबई-गोवा सुरू झाली. २०१९ साली 'कर्णिका' नावाचे मोठे जहाज मुंबईत आले. ते पुढच्याच वर्षी, करोनाच्या काळात, अलंगच्या किनाऱ्यावर मोडीत निघाले. २०२१ च्या सप्टेंबरात रेल्वेच्या खानपान व पर्यटन महामंडळाच्या साह्याने कॉर्डेलिया कंपनीचे 'एम्प्रेस' मुंबईहून गोवा, लक्षद्वीप असे फेरे करू लागले. आणि २० सप्टेंबर २०२५ रोजी मुंबई बंदरात परदेशी विमानतळासारखे नवे क्रूझ टर्मिनल उघडले. चिकूच्या वाडीवाल्याने, शाळामास्तराने, फुग्याच्या कारखानदाराने सहकुटुंब दोन-तीन रात्री समुद्रावर काढाव्यात हे आता स्वप्न राहिले नाही. म्हणून प्रथम व्यवहाराच्या गोष्टी सांगतो.

तिकिटाचा आकडा दिसतो तेवढ्यावर हुरळू नये. त्यात काय धरले आहे आणि काय नाही हे लेखी विचारावे. बंदराचा आकार, कर, बक्षिशी, बंदरावरची सहल, पेये, इंटरनेट, ह्यांतले बरेचसे बहुधा वेगळे पडते. जहाजावर रोख पैसे चालत नाहीत. खोलीचे जे कार्ड मिळते त्यावरच सगळे खर्च चढत जातात. कार्ड हे उधारीच्या दुकानातल्या वहीसारखे असते, लिहिताना दुखत नाही. रोज रात्री हिशेब पाहावा. मोबाइलचे तसेच. किनारा सुटला की फोन आपण होऊन जहाजाच्या उपग्रहाच्या जाळ्याला लागतो आणि त्याचे दर वेगळेच असतात. म्हणून बंदर सुटण्यापूर्वीच फोन विमानाच्या मोडवर टाकावा.

मोठी बॅग धक्क्यावरच घेतली जाते आणि खोलीत पोचायला कधी कधी संध्याकाळ होते. औषधे, चष्मा, ओळखपत्र, एक कपड्यांचा जोड ही हातातल्या पिशवीत ठेवावी. ज्यांना गाडी लागते त्यांना बोटही लागेल असे समजून चालावे. अशांनी खोली जहाजाच्या मध्यभागी आणि खालच्या मजल्यावर मागावी, तेथे हेलकावा कमी असतो. उंचावरची, गच्चीची खोली महाग असते आणि डुलते ती जास्त. उलटीची गोळी डॉक्टरला विचारून आधी घ्यायची असते, उलटी सुरू झाल्यावर नव्हे. आल्याचा तुकडा जवळ असावा, पोट अगदी रिकामे ठेवू नये, आणि नजर क्षितिजावर ठेवावी.

लक्षद्वीपला जायचे तर प्रवेशाचा परवाना लागतो, हे देशातल्या देशात असूनही लागते. मुंबईच्या जहाजांखेरीज कोचीहून तेथील प्रशासनाची जहाजे जातात; 'समुद्रम्' नावाची त्यांची सहल दिवसा बेटावर आणि रात्री जहाजावर अशा बेताची ठेवलेली आहे. बंगाराम वगळता बेटांवर दारूबंदी आहे. आता, बंदी आणि सरहद्द ह्यांचे नाते काय असते ते दमणच्या शेजाऱ्यांना आम्ही सांगावे असे नाही. परंतु तेथे बेटावर ती थट्टा चालत नाही. तसेच किनाऱ्यावरचे पोवळे खिशात घालून आणू नये. वन्य जीव संरक्षणाच्या १९७२ च्या कायद्याने तो गुन्हा आहे.

आणि एक गोष्ट जिला लोक टाळतात. जहाज सुटण्यापूर्वी संकटकाळची कवाईत होते. सात आखूड भोंगे आणि एक लांब असा इशारा होतो, आणि प्रत्येकाने आपल्या ठरलेल्या जागी जायचे असते. आमच्या जहाजावर त्या वेळी निम्मी मंडळी आरसेमहालासारख्या जिन्यात फोटो काढीत होती. १३ जानेवारी २०१२ रोजी इटलीच्या किनाऱ्यावर 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' खडकाला लागले आणि ३२ माणसे मेली. त्याच संध्याकाळी चढलेल्या शेकडो प्रवाशांची कवाईत अजून व्हायची होती, कारण तेव्हाच्या नियमाप्रमाणे चोवीस तासांची सवलत होती. १ जानेवारी २०१५ पासून नियम बदलला. आता ती जहाज सुटण्यापूर्वी किंवा सुटताक्षणी व्हावीच लागते. म्हणजे माणसे बुडाल्यानंतर नियम झाला. कामगार कायद्याच्या इतिहासात आम्हांला हाच क्रम जागोजाग आढळतो. तेव्हा ती पंधरा मिनिटे द्यावी, आपल्या खोलीपासून जीवनौकेपर्यंतची वाट एकदा पायांनी चालून पाहावी. मुलांना तर हे फार आवडते.

आता जेवणाकडे येतो. तुम्ही ज्याची वाट पाहत आहात ते हेच, हे चेहऱ्यांवरून दिसते आहे.

जहाजावर जेवायच्या जागा साधारण तीन प्रकारच्या. एक मोठे भोजनगृह, जेथे मेजावर बसायचे आणि वाढपी आणून देतो. दुसरे, आपल्या हाताने घ्यायचे ते सदावर्त, ज्याला बुफे म्हणतात. तिसरी, वेगळे पैसे पडणारी खास खाणावळ. नवखा माणूस पहिल्या दिवशी सदावर्तावर तुटून पडतो. आमचा सल्ला असा की रात्रीचे जेवण तरी भोजनगृहात घ्यावे. ते तिकिटातच असते, गरम असते, आणि दोन रात्री एकाच मेजावर बसलात तर तिसऱ्या वेळी वाढप्याला तुमची तिखटाची सवय ठाऊक होते. बऱ्याच जहाजांवर जेवणाच्या दोन पाळ्या असतात. लहान मुले आणि म्हातारी माणसे बरोबर असतील तर पहिली पाळी मागून घ्यावी. मुंबईहून निघणाऱ्या जहाजांवर शाकाहारी आणि जैन जेवणाची अडचण पडत नाही. परदेशी जहाजावर जाणार असाल तर तिकीट काढतानाच तसे कळवावे आणि चढल्या दिवशी भोजनगृहाच्या मुख्याला भेटून पुन्हा सांगावे. ऐन मेजावर बसून सांगितले तर स्वयंपाक्याची तारांबळ आणि तुमच्या ताटात उकडलेला बटाटा, एवढेच घडते.

हात साबणाने धुवावेत. हे बालवाडीत सांगण्याजोगे वाटेल, पण नोरोव्हायरस नावाचा पोटाचा जो रोग जहाजांवर पसरतो तो सदावर्तातल्या एका चमच्याने शंभर जणांना पोचतो, आणि दाराशी ठेवलेल्या त्या हाताला चोळायच्या औषधाला तो फारसा दाद देत नाही. पाणी आणि साबण हाच त्यावरचा उपाय.

आणि पान टाकू नये. आपल्या पंगतीत पान टाकले तर आजी डोळे वटारते. सदावर्तावर आजी नसते. आम्ही त्या बोटीवर पाहिले, चांगली शिकलीसवरलेली माणसे पाच-पाच गोड पदार्थ ताटात घेऊन, प्रत्येकाचा कोपरा चाखून, ताट सोडून उठत होती. पैसे भरले आहेत, हा त्यांचा युक्तिवाद. पैसे भरले हे खरे. पण पंगतीच्या पानाची किंमत कधी पैशात धरली जात नसे, आणि आपल्या तालुक्यात तर ज्याच्या घरी पावसाळ्यात नाचणीचे पीठ संपे त्याच्या पोराने शेजारच्या पंगतीतले टाकलेले पान पाहिलेले आहे.

ह्या पंगतीच्या मागच्या बाजूला काय चालते ते सांगतो. जहाजाच्या स्वयंपाकघराला गॅली म्हणतात आणि ते बहुधा तुमच्या पायांखाली, बिनखिडकीचे असते. प्रवाशाच्या दिवसात न्याहारी, दुपारचे जेवण, चहा, रात्रीचे जेवण आणि मध्यरात्रीचे खाणे येते. ह्या प्रत्येकाआधी मांडणी आणि प्रत्येकानंतर आवराआवर. तुमचा वाढपी न्याहारीला दिसतो, दुपारी दिसतो, रात्री गळपट्टा बांधून पुन्हा दिसतो. तुम्हांला वाटते किती आनंदी माणूस आहे, सदा हसतो! हसणे हा त्याच्या कामाचा भाग आहे. आठवड्याची सुट्टी त्याला बहुधा नसते. करार सहा महिन्यांचा, आठ महिन्यांचा, आणि तेवढे दिवस सलग काम.

ह्याला कायदा आहे काय? आहे. २००६ साली जिनीव्हाच्या आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने सागरी श्रमाचा करार केला. तो २० ऑगस्ट २०१३ पासून अंमलात आला, आणि भारताने तो ऑक्टोबर २०१५ मध्ये मान्य केला. त्यात राष्ट्रांना दोन वाटा दिल्या आहेत. एक, काम आठवड्याला ७२ तासांहून जास्त नको. किंवा दुसरी, विश्रांती आठवड्याला ७७ तासांहून कमी नको. वाचताना दोन्ही सारख्याच वाटतात. आता बेरीज-वजाबाकी करू. आठवड्याचे तास १६८. त्यातून ७७ वजा केले की ९१ उरतात. म्हणजे पहिल्या वाटेने ७२ आणि दुसऱ्या वाटेने ९१ तास काम कायद्यात बसते! कारखान्यातल्या माणसाचा आठवडा ४८ तासांचा. असल्या ठिकाणी वाक्याच्या मांडणीत किती माणसांची झोप जाते ते वकिलाला दिसत नाही. रात्रपाळी केलेल्या माणसाला ते लगेच दिसते.

शिवाय जहाज ज्या देशाचा झेंडा लावते त्याचा कायदा त्यावर चालतो. मालक एका देशाचा, प्रवासी दुसऱ्या, कामगार तिसऱ्या, आणि झेंडा बहामाचा किंवा पनामाचा. ही युक्ती जुनी आहे. सोयीच्या झेंड्यांविरुद्ध वाहतूक कामगारांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाची मोहीम १९४८ पासून चालली आहे. इतकी वर्षे झाली तरी ती संपलेली नाही, ह्यावरून त्या झेंड्यांत किती नफा असेल ते ताडावे.

मग बक्षिशीचा प्रश्न येतो. तो सहल करून आलेल्या प्रत्येकाने आम्हांला विचारला आहे. बऱ्याच परदेशी जहाजांवर दर माणशी दर दिवशी ठरावीक रक्कम बिलात आपोआप धरतात. ती काउंटरवर जाऊन काढून टाकता येते, आणि आपली काही मंडळी ती काढून टाकण्यात मोठी हुशारी समजतात. तत्त्वाचे म्हणाल तर आम्ही बक्षिशीच्या विरुद्ध आहो. पगार मालकाने द्यावा; गिऱ्हाइकाच्या मर्जीवर तो लटकता ठेवू नये. परंतु तुम्ही ती रक्कम काढलीत तर मालकाच्या खिशाला टाचणीही टोचत नाही, जाते ते वाढप्याचे आणि खोली झाडणाऱ्याचे. आणि त्यांच्या मागे जो भांडी घासतो, धुलाई करतो, जो तुम्हांला कधी दिसतही नाही, त्याचे. म्हणून ती राहू द्यावी. शेवटच्या दिवशी अभिप्रायाचा कागद देतात. त्यावर चांगले काम करणाऱ्याचे नाव घालून दोन ओळी लिहाव्या. पुढच्या कराराच्या वेळी त्या दोन ओळी त्याच्या कामी येतात. तक्रार असेल तर ती माणसाची की व्यवस्थेची हे आधी ठरवावे. उशीर झाला तो वाढप्याने केला की त्याला पंधराऐवजी पंचवीस माणसे दिली म्हणून झाला, हे त्याला हळूच विचारले तर कळते.

बंदरावरच्या सहली दोन तऱ्हांच्या. एक जहाज कंपनीने नेलेली, दुसरी आपली आपण केलेली. कंपनीची महाग असते, पण तिला एक अभय आहे. गाडी वाटेत बिघडली तर आपल्याच लोकांसाठी जहाज थांबते किंवा कंपनी पुढची सोय करते. स्वतंत्र गेलेल्यासाठी ते थांबत नाही. म्हणून स्वतंत्र जाणाऱ्याने निदान दीड तास हातचा राखावा, धक्क्यावरच्या जहाजाच्या एजंटाचा फोन लिहून घ्यावा, आणि घड्याळ जहाजाच्या वेळेवर ठेवावे. परदेशात जहाजाची वेळ आणि गावाची वेळ कधी कधी जुळत नाही. मुरगावला उतरून पणजी आणि जुने गोवे पाहायचे तर चौघांनी मिळून टॅक्सी करणे स्वस्त पडते, पण भाडे आणि परतीची वेळ बसण्यापूर्वी ठरवावी. लक्षद्वीपला मोठे जहाज बेटाला लागत नाही. बाहेर उभे राहते आणि लहान होडीने न्यावे लागते. लाटेवर वरखाली होणाऱ्या होडीत पाय टाकताना खलाशी सांगेल तेव्हाच टाकावा, आपल्या मनाने नव्हे. आपल्यातल्या मांगेला आणि माच्छी बंधूंना हे सांगायला नको. गुडघेदुखीच्या मंडळींनी मात्र मनावर घ्यावे.

सहलीचे पत्रक वाचताना एकच हिशेब करावा. एकूण तासांतून गाडीतले तास आणि दुकानातले तास वजा करावेत. उरतील तेवढेच तुमचे. पाच तासांच्या सहलीत कधी कधी तासभरच जमिनीवर पाय टेकतो.

हा हिशेब नीट समजावा म्हणून आपण उलटे करून पाहू. समजा, एखादे जहाज आपल्यासमोर समुद्रात उभे राहिले. आपला किनारा उथळ, ओहोटीला पाणी कितीतरी आत जाणारे; तेव्हा ते दूरच राहील आणि पाहुणे होड्यांनी येतील. वाढवणच्या बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरला झाली. ते कंटेनरचे बंदर आहे, प्रवाशांचे नव्हे, आणि त्यावरून ह्या सभागृहातही दोन तट आहेत, तो वाद आज येथे नको. फक्त समजा. चाळीस पाहुणे, एक बस, चार तास. त्यांना काय दाखवाल?

विवळवेढ्याची महालक्ष्मी दाखवाल. चैत्री पौर्णिमेची यात्रा असेल तर बस महामार्गावरच अडकेल, पण त्या गर्दीत तासभर उभे राहणे हेच खरे दर्शन. घोलवडचा चिकू दाखवाल, त्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. बाहेरच्या वाटेत ताडगोळे सोलून द्याल. कोसबाडची टेकडी दाखवाल काय? ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचे काम सुरू केले आणि १९५७ पासून ते कोसबाडला नेले, अनुताई वाघांनी तेथे आयुष्य घातले. आदिवासी मुले शाळेत येत नाहीत तर शाळाच कुरणावर न्यावी, हा विचार ह्या टेकडीवर झाला. जगातल्या पाहुण्याला दाखवण्याजोगे हे आहे, पण पत्रकात ते येणार नाही, कारण तेथे विकत घेण्यासारखे काही नाही.

आणि वारली चित्र तर दाखवालच. गंजाडच्या जिव्या सोमा मशे ह्यांनी ते जगभर नेले. त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली, २०१८ साली ते गेले. पण पाहुण्यांची बस गंजाडपर्यंत जाणार नाही, वेळ नाही. धक्क्याजवळच्या दुकानात यंत्रावर छापलेले कापड ती विकत घेईल. लग्नघरी गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने सवाशिणी चौक लिहितात, पालघट देवी बसवतात, धवलेरी गाते, हे त्या कापडाला ठाऊक नसते. चाळीस पाहुणे समाधानाने जहाजावर परत जातील आणि आपल्या गावात उरेल ते बसचे भाडे, तेही बस मुंबईची नसेल तर.

आता हे उलटे केलेले पुन्हा सुलट करा. आपण जेथे उतरतो तेथेही असाच कोणी गंजाडवाला चार मैलांवर बसलेला असतो. त्याच्यापर्यंत जाण्याइतका वेळ नसला तरी धक्क्यासमोरचे पहिले दुकान सोडून चार गल्ल्या आत जावे. तेथील माणसे जेथे जेवतात तेथे जेवावे. इटलीच्या सरकारने तर १ ऑगस्ट २०२१ पासून व्हेनिस गावाच्या मधल्या कालव्यातून २५ हजार टनांवरची जहाजे बंदच केली. पाहुणे नको झाले म्हणून नव्हे. मोठ्या जहाजांमुळे तिथल्या खाडीला आणि जुन्या शहराला धोका पोचत होता.

आता आम्हांला ज्यासाठी खरोखर येथे यायचे होते ते बोलतो. समोर बसलेल्यांपैकी काहींची मुले ह्या जहाजांवर प्रवासी म्हणून जातील. काहींची वाढपी म्हणून जाऊ पाहत आहेत.

ह्या तालुक्यांतली माणसे समुद्रावर नोकरीला जातात ही गोष्ट नवी नाही. तलासरीच्या डोंगरपाड्यांवरचे आदिवासी, ज्यांच्या वाडवडिलांनी समुद्र फक्त लांबून पाहिला, ते पावसाळा संपला की उचल घेऊन वेरावळ, पोरबंदर, ओख्याच्या मच्छीमार बोटींवर खलाशी म्हणून जातात. तांडेल, खलाशी आणि भंडारी, एवढे तिथले जग. भंडारी म्हणजे बोटीवरचा स्वयंपाक्या. तो हेलकाव्यात चूल सांभाळून सगळ्यांना भात-मासळी घालतो. पाण्यावर सरहद्दीची रेघ दिसत नाही, म्हणून त्यांतले काही पाकिस्तानच्या तुरुंगात वर्षे काढून आले, काही तेथेच मेले. २०२० च्या एप्रिलात टाळेबंदी झाली तेव्हा ह्याच बोटी माणसांनी भरून आपल्या किनाऱ्याकडे आल्या आणि उतरू द्यायचे की नाही ह्यावर घोळ चालला. त्याच महिन्यात मुंबईला 'मरेला डिस्कव्हरी' ह्या सहलीच्या जहाजावरचे सुमारे दीडशे भारतीय कामगार बरेच दिवस ताटकळून शेवटी २३ तारखेला उतरले. एक बोट चौदा वावांची, दुसरी अनेक मजल्यांची म्हणा. अडकून पडणारा माणूस एकाच जातीचा.

ज्या पोराचा बाप खलाशी, तो हॉटेलचे शिक्षण घेऊन पांढऱ्या गणवेषात मोठ्या जहाजावर जाऊ म्हणतो, ह्याचा आम्हांला आनंद आहे. जावे त्याने. चांगला पगार मिळतो, जग दिसते. परंतु मधे एजंट उभा असतो. गेल्या वर्षी तलासरीकडचा एक बाप आमच्याकडे कागद घेऊन आला. मुलाला अमेरिकेच्या जहाजावर लावून देतो म्हणून एकाने अडीच लाख सांगितले होते. बैलजोडी विकून आणि कर्ज काढून साठ हजार भरून झाले होते. नेमणुकीच्या पत्रावर कंपनीचे नाव दोन ठिकाणी दोन तऱ्हांनी लिहिलेले, परवान्याचा क्रमांक कोठेही नाही. आम्ही बाकीचे पैसे थांबवले, पोलिसांत अर्ज दिला. साठ हजार अजून परत आलेले नाहीत.

ही रक्कम ऐकून आम्हांला झरी आठवली. तलासरीजवळच्या झरी गावी २३ मे १९४५ रोजी शामराव आणि गोदावरी परुळेकर ह्यांच्याबरोबर हजारो आदिवासी जमले आणि वेठ करणार नाही असे ठरले. तेव्हा लग्नगडी नावाची रीत होती. लग्नासाठी सावकाराकडून थोडे पैसे घ्यायचे आणि नवराबायकोने ते फिटेपर्यंत, म्हणजे बहुधा जन्मभर, त्याच्याकडे राबायचे. ती रीत ह्या माणसांनी मोडली. आता एजंटाच्या अडीच लाखांचे कर्ज डोक्यावर घेऊन जो पोरगा जहाजावर चढतो, तो पहिले पाच-सहा महिने कोणासाठी राबतो? तेथे पाय मुरगळला तरी परत येऊ शकत नाही, मुकादमाने शिवी दिली तरी तोंड उघडू शकत नाही, कारण घरी हप्ता थांबला आहे.

आणि हे पैसे घेणेच मुळी बेकायदा आहे. १९२० साली जिनोआच्या परिषदेत ठरले होते की खलाशाला काम मिळवून देण्याबद्दल त्याच्याकडून फी घेता कामा नये. २००६ च्या करारात तेच पुन्हा आहे, आणि आपल्या सरकारच्या नियमांतही. खलाशाने स्वतः फक्त वैद्यकीय दाखला, खलाशाची नोंदवही म्हणजे ज्याला सीडीसी म्हणतात ती, आणि पासपोर्ट ह्यांचा खर्च करायचा. व्हिसाचा खर्चसुद्धा जहाजमालकाने द्यायचा असतो. भरती करणाऱ्या संस्थेला मुंबईच्या नौवहन महासंचालनालयाचा परवाना लागतो, आणि परवानाधारकांची यादी महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते. सुरक्षिततेचे जे प्राथमिक शिक्षण घ्यावे लागते, म्हणजे पाण्यात जीव वाचवणे, आग विझवणे, प्रथमोपचार, ते मान्यताप्राप्त संस्थेतच घ्यावे. त्याची फी पावती घेऊन भरावी, हातात देऊ नये. करारावर सही करण्याआधी त्यात पगार किती, तास किती, परतीचे तिकीट कोणाचे, आजारपणात काय, आणि झेंडा कोणत्या देशाचा, ह्या पाच गोष्टी शोधाव्या. इंग्रजी अडते म्हणून सही करून मोकळे होऊ नये.

डहाणू स्टेशनच्या पूर्वेला आमचे कार्यालय आहे. संध्याकाळी सहानंतर दिवा लागलेला असतो, रविवारी सकाळीही. युनियनचा सभासद असलेच पाहिजे असे नाही. कागद घेऊन या, मात्र पैसे भरण्याआधी या. यादी आम्ही तुमच्यासमोर काढून दाखवू. आता कोणाला लक्षद्वीपच्या परवान्याबद्दल किंवा उलटीच्या गोळीबद्दल विचारायचे असेल तर अध्यक्षांच्या परवानगीने खुशाल विचारा.